माझ्या ओळखीत तुझं नाव

ताई,

तुझ्या तेराव्याला एवढी माणसं येतील असा माझा अंदाज नव्हता. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत, हे तुला माहीत आहे. नातेवाईक धरले, चाळीतली बिऱ्हाडं धरली आणि त्या हिशोबाने आचाऱ्याला सांगितलं. जेवणाच्या वेळेला सुनीताने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "गॅलरीत बघा जरा." गॅलरीत पार जिन्यापर्यंत माणसं उभी होती. निम्म्यांना तर मी ओळखतही नव्हतो.

तू लग्नं जमवून दिलेली ती सगळी माणसं आपली ओळख एकाच तऱ्हेने करून देत होती. "मी ताईंनी जमवलेली." "आम्ही दोघं ताईंचे." शिवडीच्या एका बाईंनी नवऱ्याला पुढे ढकललं. "ह्यांचं ताईंनी मला खरं खरं सांगितलं होतं. घोरतात म्हणाल्या होत्या. तेही खरं निघालं." सगळे हसले. तेराव्याच्या घरात एवढं हसावं का, असं मला वाटून गेलं. तू मात्र सगळ्यांत मोठ्याने हसली असतीस.

मग कोणीतरी म्हणालं, "बाबूभाऊ, ताईंबद्दल दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. तुझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, भावोजी गेल्यापासून तू आमच्याकडे होतीस ते सांगितलं. पुढे काही येईना. सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी पंख्याकडे. शेवटी सुनीतानेच वेळ सावरली. "पानं वाढलीत, बसून घ्या."

त्या दिवशी राहिलं ते इथे लिहितो. शिवाय तेराव्यानंतरच्या मंगळवारी जे झालं ते तुला सांगायचं आहे, कारण आपला एक वाद अर्धाच राहिला.

वाद माझ्या नोकरीचा. आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीने मुंबईचं ऑफिस बंद केलं, तरुण पोरांना अहमदाबादला नेलं आणि आम्हा जुन्यांना हार घातले. मी बावन्न वर्षांचा. घर सुनीताच्या एकटीच्या पगारावर आलं, आणि मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. नोकरी हवी होती. पण नोकरी मिळवायची कशी हेच मला येत नव्हतं, कारण मी ती कधी मिळवलीच नव्हती. माझी पहिली आणि एकुलती एक नोकरी तू मिळवली होतीस.

तो दिवस मला अजून दिसतो. मी नुकताच बी.कॉम. झालेला. भावोजींच्या ओळखीतल्या त्या मालकाकडे तू मला घेऊन गेलीस. त्याने मला विचारलं, "हां, बोलो." मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "हा माझा भाऊ. आवाज बारीक आहे, फोनवर ठेवू नका. पण ह्याच्याकडे दिलेला कागद हरवत नाही." एवढं बोलून तू पाणी मागितलंस. मालकाने पाणी मागवलं, तुझं पिऊन होईपर्यंत माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "सोमवारपासून पाठवा."

आपल्या लोकांत स्वतःबद्दल स्वतः बोलायची पद्धतच नाही. कोणीतरी मोठं माणूस सोबत येतं आणि सांगतं, हा अमक्याचा मुलगा, तमक्या चाळीतला. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याने मान खाली घालून बसायचं. त्याने तोंड उघडलं तर घरी आल्यावर ऐकून घ्यावं लागतं, "काय टिमकी वाजवत होतास?" माझं लग्नही तसंच ठरलं. परळला सुनीताच्या घरी तू तिच्या वडिलांना सांगितलंस, "माझा भाऊ सावकाश चालतो, सावकाश जेवतो, विनोद कळायला त्याला वेळ लागतो. पण येतो म्हणाला की येतो." सुनीता आत पोहे भरत होती. ती मला अजून सांगते की त्या शेवटच्या वाक्यावर तिने डिश उचलली.

तर असा मी, पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच एकटा इंटरव्ह्यूला गेलो. लोअर परळला काचेची इमारत. आत दोन मुलगे आणि एक मुलगी, आपल्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. मुलगी हसून म्हणाली, "सर, टेल अस अबाउट युअरसेल्फ." मी सुरुवात केली. नाव, गाव, तालुका. दोघं बहीणभाऊ. मग खिडकीतून खाली बघितलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही. सांगून बसलो, "ह्याच जागेवर माझे वडील साच्यावर कामाला होते. ही सगळी तेव्हा मिल होती."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एका मुलाने लॅपटॉप अर्धा मिटला आणि फार अदबीने विचारलं, "सर, आप का कोई क्लेम है क्या? उसके लिए लीगल में मिलना पड़ेगा."

मी जागेवर हक्क सांगायला आलोय असं त्यांना वाटलं. नाही, नाही म्हणेपर्यंत माझी वेळ संपली होती.

तेव्हा तुझं डायलिसिस सुरू होऊन महिना झाला असेल. सोमवार, बुधवार, शुक्रवार. लालबागहून टॅक्सीने परळच्या हॉस्पिटलात, तुझा हात मशीनला जोडून चार तास, मग परत. मी घरीच होतो, म्हणून नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. हा क्लेमचा किस्सा मी तुला तिथेच सांगितला. तू इतकी हसलीस की मशीन वाजायला लागलं. सिस्टर धावत आली. "आजी, हात हलवू नका म्हटलं ना! आणि काका, तुम्ही बाहेर बसा बघू."

"ह्याला बाहेर नको पाठवूस," तू डोळे पुसत म्हणालीस. "ह्याचा इंटरव्ह्यू घ्यायचाय."

तिथून आपली शाळा सुरू झाली. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर वरळी कोळीवाड्यातल्या हिरामावशी असायच्या. मासळी बाजारात जन्म गेलेला, आवाज ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तू त्यांनाही परीक्षक केलंस. मी स्टुलावर बसायचो, तू म्हणायचीस, "हां, बोला मिस्टर." आणि मी घरून लिहून आणलेलं म्हणायचो.

पहिल्या दिवशी मी किती आकडे घातले होते! किती वर्षं, किती शाखा, किती गाड्या, किती पार्ट्या, कुठल्या कुठल्या परीक्षेत किती टक्के. तू ऐकलंस आणि विचारलंस, "हे स्थळ आहे की एस.टी.चं टाइमटेबल?"

"आकडे खोटे नाहीत, ताई."

"खोटे कोण म्हणतंय? पण त्यात तू खंय आसस?"

रागावलीस की तुझ्या तोंडी मालवणी यायची. मी म्हटलं, ऑफिस म्हणजे कांदेपोहे नव्हेत. तू म्हणालीस, "बाबू, दोन्हीकडे एकच बघतात. हे माणूस रोज समोर दिसलं तर चालेल का."

तुझी एक रीत होती, ती तू मला तुकड्यातुकड्यांनी शिकवलीस. इतर बायका स्थळ सांगताना मुलाच्या जन्मापासून सुरू करत. तू आजपासून करायचीस. मुलगा आज काय करतो, काय करताना मी त्याला स्वतः बघितलंय. मग त्याचं एक उणं, आपल्याच तोंडाने, एका वाक्यात, रडगाणं न गाता. आणि मग थांबायचं. "थांबणं सगळ्यात कठीण," तू म्हणायचीस. "आपण थांबलो की समोरचा विचारतो. त्याने एकदा विचारलं की समज, त्याला हवं झालंय." तू लोकांच्या घरी पाणी का मागायचीस ते मला इतक्या वर्षांनी कळलं. तेवढ्या वेळात तुला गप्प राहता यायचं. आणि ह्या मशीनवर आल्यापासून पाणीच तुला मोजून मिळत होतं, हे मला तेव्हाच आठवलं. 

हिरामावशींना तुझं म्हणणं लगेच पटलं. "आमी म्हावरा इकताव ना, तवा पयला कल्ला उघडून दाखवताव. गिऱ्हाइकान इचारायच्या आदी. लाल आसल तं लाल दिसल."

"आणि लाल नसला तर, मावशी?" मी विचारलं.

"मंग भाव कमी कर ना! पन दाखव!"

सगळा वॉर्ड हसला. सिस्टरसुद्धा.

माझ्या कामातली सांगण्यासारखी गोष्ट तूच उकरून काढलीस. मला ती गोष्ट वाटतच नव्हती. आमच्याकडे माल पोचला की पार्टीची सही असलेली पोचपावती ड्रायव्हर परत आणायचा, तेव्हा कुठे बिल जायचं. ड्रायव्हर महिना महिना यायचे नाहीत, बिलं अडकायची, पार्ट्यांशी भांडणं व्हायची. ड्रायव्हरांनी सही झाल्या झाल्या पावतीचा फोटो मोबाईलवर पाठवायचा, असं मी सुरू केलं. ज्यांना जमत नव्हतं त्यांना वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसवर जाऊन शिकवलं. बिलं त्याच आठवड्यात जायला लागली. मी म्हणत होतो, "आमच्या ऑफिसने पोचपावतीची पद्धत बदलली."

"ऑफिसने म्हणजे कोणी? भिंतीने?"

"सगळ्यांनीच..."

"वडाळ्याला उन्हात कोण उभा होता?"

"मी."

"मग तसं बोल ना मेल्या! मी उभा होतो म्हण!"

ते 'मी' माझ्या तोंडून सरळ निघायला दोन आठवडे गेले, ताई. पहिल्यांदा निघालं तेव्हा मलाच उद्धट वाटलं. हिरामावशी मात्र म्हणाल्या, "आता कसा बोललास!" आणि तू सुई नसलेला हात माझ्या गुडघ्यावर थोपटलास.

पण एका प्रश्नावर आपण अडलो. मधल्या ह्या महिन्यांत काय करत होतात, असं ते विचारणारच. मी म्हटलं, खरं तेच सांगणार. बहिणीला डायलिसिसला नेत होतो. तू एकदम गंभीर झालीस.

"माझं नाव घ्यायचं नाही."

"का?"

"घरगुती कारण म्हण. एवढं पुरे."

"ताई, उणं आधी सांगावं, हे तूच शिकवतेस."

"उणं तुझं सांगायचं. हे माझं आहे. माझं आजारपण तुझ्या ओळखीत कशाला? ते म्हणतील, ह्याच्यामागे आजारी माणूस आहे, हा रजा मागत राहील. माझ्यामुळे तुझी नोकरी जायला नको."

"आणि दया येऊन दिली तर?"

"ते तर त्याहून नको."

मी म्हटलं, ह्या महिन्यांत मी दुसरं काही केलेलंच नाही, मग ते वगळून काय सांगू? तू म्हणालीस, "वगळ. मी कितीतरी मुलींची लग्नं जमवली, प्रत्येकीच्या घरचं सगळं कुठे सांगितलं?" मला हे नवीन होतं. मी विचारलं, काय नाही सांगितलंस? तू म्हणालीस, "ते सांगितलं असतं तर 'नाही सांगितलं' कसं झालं असतं?" एवढं बोलून तू जिंकल्यासारखी डोळे मिटून पडलीस. पण मी काही हरलो नव्हतो. टॅक्सीत पुन्हा विषय काढला. घरी सुनीताला पंच केलं. ती म्हणाली, "वन्सं म्हणतात तेही बरोबर आणि तुम्ही म्हणता तेही बरोबर, आता दोघं जेवा." मग तुझ्या बिनमिठाच्या आमटीवरून दुसरंच भांडण सुरू झालं.

हे महिने मी वाया गेलेले धरत नाही. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण आपल्या घरात असं बोलत नाहीत. लग्नानंतर तू सासरी आणि मी ऑफिसात. आपण सणावाराला भेटायचो आणि तब्येती विचारायचो. तू आमच्याकडे राहायला आलीस तरी मी दिवसभर बाहेरच. तुझ्याशी सलग इतका वेळ मी लहानपणापासून बसलो नव्हतो. तू तिथे वेदनेत होतीस आणि मी तिकडे जायचा दिवस आला की सकाळपासून तयार असायचो, हे लिहितानाही बरं वाटत नाही. पण होतं ते असं होतं.

शेवटच्या शुक्रवारी तुझा आवाज फार बारीक झाला होता. भायखळ्याच्या एका औषध वितरकाकडून मला बोलावणं आलं होतं. मी म्हटलं, ताई, तो प्रश्न अजून राहिलाय. तू म्हणालीस, "सोमवारी बोलू." रविवारी सकाळी सुनीता तुला चहा द्यायला आली आणि तिने मला हाक मारली. तिच्या हाकेवरूनच कळलं.

हिरामावशी तेराव्याला येऊ शकल्या नाहीत, त्या दिवशी त्यांची मशीनची पाळी होती. त्यांनी मुलाबरोबर निरोप पाठवला. म्हणाल्या, "त्याला सांग, बोल म्हनावं. बाय आयकते."

भायखळ्याच्या लोकांना मी घरी अडचण आहे एवढंच कळवलं होतं, त्यांनी तारीख पुढे दिली. ती ह्या मंगळवारची. भाजी मार्केटच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. समोर एक वयस्कर शेठ आणि त्यांची मॅनेजर, चाळिशीची बाई, मराठीच. तिने विचारलं, "तुमच्याबद्दल सांगा."

मी नाव सांगितलं आणि गावाला गेलो नाही. म्हटलं, ट्रान्सपोर्टच्या धंद्यात मी हिशोब आणि बिलिंग बघत होतो. पोचपावतीची गोष्ट सांगितली. वडाळ्याला मी उभा होतो, असं म्हणालो. मग म्हटलं, "नवं सॉफ्टवेअर मला पहिल्या दिवशी येत नाही. वेळ लागतो. पण एकदा आलं की दुसऱ्याला शिकवू शकतो." आणि थांबलो. ताई, ते थांबणं! खालून भाजीवाल्यांची ओरड ऐकू येत होती. मला वाटलं आता काहीतरी बोलावं, एखादा आकडा तरी सांगावा. नाही बोललो. शेठ पुढे वाकले आणि म्हणाले, "ड्रायव्हर लोग मान गए? कैसे?"

मग पंधरा मिनिटं आम्ही ड्रायव्हरांवरच बोललो. त्यांचाही माल दुकानादुकानांत जातो आणि पावत्या अडकतात.

शेवटी मॅनेजरबाईंनी कागद उलटला. "गेले काही महिने तुम्ही कुठे नव्हतात. काय करत होतात?"

जिना चढताना मी ठरवलं होतं, तुझं ऐकायचं. तू गेल्यावर तरी तुझं ऐकावं. 'घरगुती कारण' हे शब्द अगदी तयार होते. पण तेराव्याला तुझ्याबद्दल बोलायला उभं राहून मी गप्प झालो होतो, ते दुसऱ्यांदा करायला मी तयार नव्हतो. मी म्हटलं, "माझ्या मोठ्या बहिणीचं डायलिसिस होतं. आठवड्यातून तीन दिवस मी तिला घेऊन जायचो. आता जे तुमच्यासमोर बोललो ते तिनेच माझ्याकडून तिथे बसवून घेतलं."

बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग तिने तिचं काम केलं, ते तिला करायलाच हवं होतं. म्हणाली, "मग आता कसं करणार? आमच्याकडे महिनाअखेरीला उशीर होतो. त्या तीन दिवसांची काही अडचण?"

ताई, ह्या प्रश्नाची आपण तयारी केली नव्हती. तू म्हणाली होतीस तसंच झालं होतं, रजेवरच गाडी आली होती. फक्त उत्तर तुझ्या हिशोबात नव्हतं.

मी म्हटलं, "आता नाही."

तिला कळायला क्षणभर लागला. मग तिने पेन खाली ठेवलं. शेठनी नोकराला पाणी आणायला सांगितलं. मी ते सगळं प्यायलो आणि म्हटलं, "विचारा पुढे. काही राहिलं असेल तर."

काल फोन आला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून या म्हणाले. सुनीताने देवापुढे साखर ठेवली, मग तुझ्या फोटोपुढे ठेवली. मुलगी म्हणाली, "बाबा, आत्याचा मुद्दा चुकला ना? नाव घेतलंत तरी मिळाली." 

तुझा मुद्दा चुकला नव्हता. तू मशीनवर असतीस आणि मी हेच खरं सांगितलं असतं, तर त्यांनी मान हलवून कळवतो म्हटलं असतं, आणि त्यात त्यांचंही काही चुकलं नसतं. तू नाहीस म्हणून मला कामावर जाता येतंय. काल संध्याकाळपासून हा हिशोब मी उलटसुलट करून बघतोय. आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी चूक सापडावी म्हणून बघतोय, आणि दर वेळी उत्तर तेच येतंय.

तुझा,
बाबू